पाचवी धाव

पुरेकाकांचं खरं नाव लाइटच्या बिलावर होतं, तेवढंच. बाकी सगळ्या जगाला ते पुरेकाका. धंदा गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवण्याचा. एका गॅरेजच्या पोटात खोली काढलेली, तिथे दुकान: दाराशी मशीन, भिंतीला टेकवलेल्या रेक्झिनच्या गुंडाळ्या, कोपऱ्यात फोमचा ढीग आणि मधोमध कुणाच्या तरी गाडीतून उपसून आणलेली सीट, ऑपरेशनला आणलेल्या पेशंटसारखी पोट उघडं टाकून पडलेली. सहा दिवस काका तिच्या पोटात हात घालून बसायचे. सातव्या दिवशी छातीला पॅड बांधायचे, तोंडावर जाळीचा मुखवटा चढवायचे आणि मुलींच्या सॉफ्टबॉलच्या सामन्यात पंच म्हणून उभे राहायचे.

पुरे हे नाव तिथलंच. एका डावात एका संघाच्या पाच धावा झाल्या की बाजू बदलायची, हा नियम त्यांनीच आणलेला. तिन्ही बेस पळून आलेल्या पाचव्या मुलीचा पाय होम प्लेटवर, म्हणजे परत मारायच्या जागी, पडला रे पडला की काका दोन्ही हात वर करून ओरडायचे, "पुरे!" आवाज असा, की मैदानाच्या भिंतीपलीकडे लॉन्ड्रीतला माणूस कपडा जळाला समजून इस्त्री उचलायचा. न्हावी तर सांगतो की एकदा केस कापताना काका खुर्चीत डुलकी घेता घेता "पुरे" म्हणाले, याने कात्री ठेवली, आणि काका अर्धी मान तशीच घेऊन आठवडाभर हिंडले. न्हाव्याच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. पण मान अर्धी होती, हे पुष्कळांनी पाहिलं आहे.

नियम आला तो एका रडक्या रविवारी. नव्यानेच जमवलेल्या मुलींचा एक संघ, समोर पीटीच्या बाईंनी घासूनपुसून तयार केलेल्या मुली. पहिलाच डाव संपेना. धावांवर धावा. पालक चहा पिऊन आले तरी तोच डाव चालू. नव्या संघाची पिचर हातमोज्यालाच नाक पुसत चेंडू टाकत होती, आणि लांब भिंतीपाशी उभी केलेली एक चिमुरडी आधी बसली, मग चक्क आडवी झाली आणि आभाळाकडे बघत पडून राहिली. काकांनी घरी येऊन हे काकूंना सांगितलं. काकू कपडे वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "मग कुणीतरी थांबवायचं की! तुम्ही काय तिथे खांब म्हणून उभे होता?"

झालं. पुढच्याच आठवड्यात कमिटीची बैठक. कमिटी म्हणजे कोण, तर अध्यक्ष केमिस्ट, पीटीच्या बाई आणि काका. जागा केमिस्टच्या दुकानामागे, खोकल्याच्या औषधांच्या खोक्यांमध्ये.

"अहो, खेळ आहे," केमिस्ट म्हणाले. "कुणीतरी हरणारच."

"हरू दे की. पण हरून झाल्यावर घरी तरी जाऊ दे."

"आणि माझ्या मुलींनी मेहनत करायची, पाच मारल्या की हात बांधून बसायचं? हा कुठला न्याय?" बाई तडकल्या.

"बाई, पाच मारा. मग त्यांना मारू द्या. मग परत पाच मारा. मैदान कुठे पळून चाललंय?"

"निदान शेवटचा डाव मोकळा सोडा. मागे पडलेल्यांनी गाठायचं कसं?"

"शेवटच्या डावातच पोरी जास्त रडतात," काका म्हणाले, आणि केमिस्टना दुकानात गिऱ्हाईक दिसल्यामुळे नियम मंजूर झाला.

बाईंचा तो शेवटचा प्रश्न मात्र खोक्यांमध्येच पडून राहिला. तो पुढे फुटला तो काकांच्याच घरात.

काकांना एकच मुलगी. तिला मैदानावर तोफ म्हणत. बारीक अंगाची, पण बॅट फिरली की चेंडूचा पत्ता शोधायला माणूस पाठवावा लागे. मारायच्या आधी डाव्या टाचेने जमिनीत एक खळगा करायची तिची सवय. ती चौदा वर्षांची असताना तिचा संघ फायनलला पोचला, पंच अर्थातच तिचा बाप. शेवटच्या डावाला त्या सात धावांनी मागे होत्या. सात मागे आणि मर्यादा पाचची, म्हणजे बॅट हातात घ्यायच्या आधीच हरलेल्या. तरी पोरी खेळल्या. चार धावा झाल्या, तिन्ही बेसवर मुली उभ्या, आणि तोफ आली. टाचेने खळगा केला. चेंडू भिंतीवरून उडून लॉन्ड्रीच्या दोरीवरच्या चादरीत जाऊन बसला. चार जणी प्लेटवर येणार, आठ धावा होणार, सामना जिंकणार! मैदान उभं राहिलं. पहिली मुलगी प्लेटवर आली आणि काका ओरडले, "पुरे!"

तोफ तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मध्ये होती. थांबली. बापाकडे बघितलं. मग तिथूनच आडवी मैदान ओलांडून चालत बाहेर गेली. सामना दोन धावांनी गेला.

त्या दिवशी दोन्हीकडचे लोक काकांवर तुटून पडले. एकजण म्हणाला, पोटच्या पोरीला बुडवलं. दुसरा म्हणाला, पोरगी होती म्हणूनच तिला फायनलपर्यंत आणलं. कमिटीने कानाला खडा लावला आणि आणखी एक नियम केला: ज्याचं नात्यातलं मूल खेळतंय त्याने त्या सामन्यात पंच व्हायचं नाही, लपवून झाला आणि उघड झालं, तर वादातला चेंडू रद्द, दुसरा पंच आणून तो परत टाकायचा, आणि लपवणाऱ्याने पुन्हा मुखवटा घालायचा नाही.

बापलेकीत मोठं भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं. भांडण मिटवता तरी येतं. तिने बॅट माळ्यावर टाकली, एवढंच. काका म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा." ती म्हणाली, "हो." त्यानंतर दोघांमधलं बोलणं काकूंच्या मार्फत चालायचं. "बाबांना सांग, मी उशिरा येणार." "तिला सांग, छत्री ने." एकाच खोलीत बरं का, आणि निरोप्या मध्ये! पुढे तिचं लग्न झालं, पुलापलीकडे बिऱ्हाड झालं, ती शाळेची व्हॅन चालवायला लागली. काकू गेल्या तेव्हा निरोप्याच गेला. मग फोन. "बरे आहात?" "बरा आहे." मग तेही कमी होत होत थांबलं. ती येईना, हे बोलवीनात.

काका दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटे राहू लागले. जेवायचे ओट्याशी उभ्याउभ्या, ताट धुवायला लांब नको म्हणून. रेडिओ दिवसभर चालू. बातम्या ऐकायला नाही, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. माणसाला काम नसलं की हात शिवशिवतात. त्यांनी घरातल्या सगळ्या खुर्च्यांना कव्हरं घातली. काकूंच्या खुर्चीलाही घातलं, मरून रंगाचं, दुहेरी शिलाईचं. त्याला आता बरीच वर्षं झाली. ते अजून नवंच आहे.

आणि मग यंदाच्या मोसमात बारा वर्षांखालच्या मुलींत एक नवी पोरगी आली. पहिल्यांदा प्लेटपाशी उभी राहिली, डाव्या टाचेने जमिनीत खळगा केला, आणि मागे उभ्या असलेल्या काकांच्या हातातला प्लेट पुसायचा ब्रश खाली पडला. नात चार वर्षांची असताना पाहिलेली. चेहरा आता ओळखू आला नसता. टाच ओळखली.

केमिस्टने रिवाजाप्रमाणे सामन्याआधी विचारलं, "काका, या संघात तुमचं कोणी?"

"कोणी नाही."

केमिस्टने चष्म्यावरून पाहिलं. आता केमिस्टला घराघरातलं ठाऊक. कोण कुठलं मलम नेतो इथपर्यंत. ही कुणाची कोण, हे त्यांना माहीत नसेल? अख्ख्या मैदानाला माहीत होतं. पण सगळे गप्प राहिले, आणि या लोकांना गप्प राहताना पाहणं म्हणजे ग्रहणासारखीच गोष्ट. काका म्हणाले कोणी नाही, तर कोणी नाही. माझी आहे म्हटलं असतं, तर मुखवटा उतरवून लांब पायऱ्यांवर जाऊन बसावं लागलं असतं. नाही म्हटलं, म्हणून तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभं राहता येत होतं.

तेवढ्यावर काकांचा आठवडा निघायचा. तिची वेणी कुठल्या बाजूला वळते, डाव्या कोपराला खरचटलंय ते बरं होतंय का, बूट लहान होतायत का. तोंड कधी नीट दिसायचं नाही. पंचाला खेळणाऱ्याची पाठच मिळते. एकदा तिने मान न वळवता म्हटलं, "काका, प्लेट पुसा ना." काकांनी ती प्लेट इतकी पुसली की पिचरने कंटाळून चेंडू हवेत उडवायला सुरुवात केली.

आणि भिंतीपलीकडे व्हॅन. तोफ आत पाऊल टाकायची नाही. गेटबाहेर व्हॅन लावून स्टिअरिंगमागे बसून बघायची. दार उघडं असलं की काकांना आतली मागची सीट दिसे: उसवलेली, फोम बाहेर आलेला, कुणीतरी ढांगा टाकत शिवलेली. लेक बोलत नाही याचं दुःख एक, आणि तिने सीट दुसऱ्याकडून शिवून घेतली याचं दुसरं. दुसरं जरा जास्तच झोंबायचं, असं गॅरेजचा मेकॅनिक म्हणतो.

नातीचा संघ फायनलला पोचला. शेवटच्या डावाला पाच धावांनी मागे. पाचच मारता येणार, म्हणजे फार तर बरोबरी. पोरींनी चार केल्या. दोघी बाद झालेल्या, तिन्ही बेस भरलेले, आणि खळगा करून नात उभी.

तिने मारला तो काही भिंतीपलीकडे गेला नाही. सरपटत गेला, समोरच्या मुलीच्या पायात घोटाळला. तेवढ्यात तिसऱ्या बेसवरची मुलगी धावत येऊन प्लेटवर पडली. पाचवी! मैदानात एकच कल्ला. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने सगळ्या पोरी होत्या तिथे थांबल्या. पाचवी झाली की पळायचं कशाला? खेळ थांबतोच. नातही पहिल्या बेसच्या अर्ध्या वाटेवर थांबली, वळली आणि हातमोजा आणायला निघाली.

पण खेळ पाचव्या धावेने थांबत नसे. तो थांबे काकांच्या "पुरे"ने. आणि काका ओरडले नव्हते.

खरा नियम असा, की दोघी बाद असताना मारणारी मुलगी पहिल्या बेसला पोचण्याआधी तिसरी म्हणून बाद झाली, तर त्या चेंडूवरची धाव धरत नाहीत. आजवर हा पेच कधी पडलाच नव्हता, कारण काका पाचवी दिसली की हिशेब न बघता ओरडत, आणि ओरडले की चेंडू मेला. आज त्यांचे हात वर जायला निघाले, आणि मध्येच अडकले. आपली आहे म्हणून ओरडतोय का मी? एवढा एक प्रश्न मनात यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात चेंडू पहिल्या बेसवर जाऊन पोचला. तिथे एक चष्मेवाली मुलगी बेसवर पाय ठेवून, चेंडू पोटाशी धरून उभी होती. ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "पण ही आलीच नाही इथे."

काकांनी मूठ वर केली. बाद. धाव नाही. सामना एका धावेने गेला.

मग जे काही उसळलं! पीटीच्या बाई आता वयाने वाकल्या होत्या, पण आवाज सरळ होता. "पुरे का नाही म्हणालात? जन्मभर म्हणालात, आज जिभेला काय झालं?" पालक आत घुसले. केमिस्ट खिशात चष्मा शोधू लागले, तो डोळ्यांवरच होता. आणि तेवढ्यात गेटमधून तोफ आत आली.

गर्दी आपोआप बाजूला झाली. अशा वेळी लोक वाट फार नीट करून देतात. ऐकू यायला हवं ना.

ती काकांसमोर उभी राहिली. इतक्या वर्षांनी इतकी जवळ. कानाजवळचे केस पांढरे झालेले काकांना जाळीतून दिसले.

"एकच विचारते," ती म्हणाली. "हिच्या जागी दुसऱ्या कुणाची मुलगी असती, तर?"

काकांनी मुखवटा काढला. तोंडावर जाळीचे वळ उठले होते.

"तर ओरडलो असतो."

"मग हिच्या वेळी का नाही?"

केमिस्ट घाईघाईने मध्ये पडले, "अहो, जाऊ द्या, काका, निर्णय झालाय, उगीच कशाला..." त्यांच्या डोळ्यांत अक्षरशः विनवणी होती: बोलू नका, म्हणजे पुढच्या रविवारी परत उभे राहाल.

"ती माझी नात आहे," काका म्हणाले. "तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. चेंडू रद्द धरा."

आणि मुखवटा केमिस्टच्या हातात देऊन ते निघाले. नात हातमोजा घालून तशीच उभी होती. काका जवळून जाताना ती हळूच म्हणाली, "मला माहीत होतं. आई म्हणाली होती, मैदानात पंचांना काकाच म्हणायचं." तिची आई तोवर गेटबाहेर गेली होती.

पुढचा आठवडा काकांनी कसा काढला ते रेडिओला विचारावं. रविवारच नाही म्हटल्यावर सोमवार ते शनिवार कशाच्या आशेवर ढकलायचे? बुधवारी ते बँकेतून परतले, तर दुकानासमोर एक सीट पडलेली. दोन मुलांची, मागची, उसवलेली.

"एक बाई टाकून गेल्या," मेकॅनिक म्हणाला. "विचारलं काय करायचंय, तर म्हणाल्या, त्यांना कळेल."

काकांनी ढांगाळ शिलाई ब्लेडने उसवली. जुना फोम फेकला. काकूंच्या खुर्चीचं मरून रेक्झिन थोडं उरलं होतं, ते घातलं, कडांना दुहेरी शिलाई दिली. गुरुवारी सीट तयार. शुक्रवारी कुणी आलं नाही. शनिवारी शटर ओढायची वेळ टळून गेली तरी काका उघडंच ठेवून बसले. कुणी आलं नाही.

रविवारी तो चेंडू परत टाकायचा होता, म्हणजे नातीची पाळी पहिल्यापासून. काका सीट खांद्यावर घेऊन मैदानावर गेले. वाटेत न्हाव्याने विचारलं, "काका, बिऱ्हाड हलवलंत की काय?" पायऱ्या सिमेंटच्या, गार. सगळ्यांत वरच्या पायरीवर सीट ठेवून ते तिच्यावर बसले, एका बाजूला. आजूबाजूला कुणी बसलं नाही. पंचाची सगळ्यांशी ओळख असते, पण शेजारी बसण्याइतकी कुणाशीच नसते.

पंच म्हणून केमिस्ट उभे. छातीचं पॅड पोटापर्यंत पुरेना. नात आली, तिने खळगा केला, आणि काकांना पहिल्यांदाच मारण्याआधीचं तिचं तोंड दिसलं. खालचा ओठ दातात धरते. हे मागून कधी कळलंच नसतं.

"ही सीट माझी आहे," बाजूने आवाज आला.

"हो."

"मी न्यायला यायच्या आधीच बाहेर काढलीत?"

"वाट पाहिली."

मग ती म्हणाली, "सरका." आणि उरलेल्या अर्ध्या सीटवर बसली.

चेंडू आला. नातीने बॅट फिरवलीच नाही. केमिस्टने घाबरत घाबरत हात वर केला: स्ट्राइक, म्हणजे मारण्याजोगा सोडला; असे तीन की बाद. पुन्हा तेच. तिसऱ्याला तिने जीव खाऊन बॅट फिरवली आणि नुसती हवा कापली. संपलं. एका धावेने हरायचं ते हरल्याच.

"पहिला स्ट्राइक नव्हता, बॉल होता," तोफ म्हणाली. "बाहेरून गेला."

काकांना वाटलं, आज तरी हो म्हणावं. काय जातंय? "स्ट्राइक होता," ते म्हणाले.

ती हसली की तिने नुसता श्वास सोडला, कळलं नाही. "तुम्हाला काय वाटतं, बाबा? मी त्या पाचच्या नियमावर रुसले होते?"

"मग?"

"नियम बरोबरच होता. धावा नका धरू. पण मला पळू द्यायचं होतं की पुढे. चारही बेस. चेंडू भिंतीपलीकडे घालवला होता मी. तुम्ही ओरडलात आणि मी मध्येच थांबले. परत तसा कधी गेलाच नाही."

काका मैदानाकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्यांनी मनात त्या नियमाची बाजू मांडली होती: ओट्याशी उभं राहून, मशीनवर बसून, रेडिओशी. आणि खटला त्या नियमावर नव्हताच.

लोक पांगले. मैदानातले बेस काकांनीच शिवलेले, तेच दर वेळी गोळा करून नेत. केमिस्टने ते काम तेवढं काढून घेतलं नव्हतं. काका उठून खाली गेले, पहिल्या बेसपाशी थांबले आणि वळून म्हणाले, "जरा वेळ राहू देऊ का हे? आहे त्या जागी?"

तिला कळलं. ती पायरीवर उभी राहून रिकाम्या मैदानाकडे बघत राहिली. पहिला, दुसरा, तिसरा.

"आता कशाला, बाबा," ती म्हणाली. "गुडघे दुखतात."

काकांनी बेस उचलले. तोवर मायलेकींनी सीट व्हॅनमध्ये नेऊन बसवली. इंजिन सुरू झालं. काका बेसचं ओझं पाठीवर घेऊन गेटपर्यंत आले आणि व्हॅन निघायची वाट बघत कडेला उभे राहिले. व्हॅन हलेना. बॅटरी गेली असेल, काकांच्या मनात आलं; नाहीतर क्लच. मागचं दार उघडं होतं, नात मरून सीटवर एका कडेला बसली होती, आणि इंजिन तर व्यवस्थित चालू होतं. काका आपले उभे. बरं, आता कुणी ओरडून सांगावं, तर त्या घराण्यात ती रीतच नाही.

शेवटी लॉन्ड्रीवाल्याने खिडकीतून डोकं काढलं. "काका," तो म्हणाला, "तुमच्यासाठी थांबलीय ती."